दरसाल, दरशेकडा

रात्री साडेबारा वाजता एखादा गृहस्थ अंथरुणात एकटाच खुदकन हसला, तर त्याच्या बायकोने काय समजावं? आमच्या हिने पहिल्या रात्री समजून घेतलं, की मला स्वप्न पडलं असावं. दुसऱ्या रात्री तिला पित्ताची शंका आली. तिसऱ्या रात्री मात्र तिने माझं पांघरूण ओढून काढलं, तर आत मोबाईलचा उजेड!

"कोण आहे?" तिने करड्या आवाजात विचारलं.

"कबुतरं," मी म्हणालो.

देवाशप्पथ सांगतो, खरोखरच कबुतरं होती. कुणाला देव सापडतो, कुणाला गुरू सापडतो, मला इंटरनेटवर चमत्कारिक गोष्टी सापडतात. शोधायला मी जातो गॅसची सबसिडी किंवा गुडघेदुखीवरचं तेल आणि हाती लागतं भलतंच. परवा सापडली ती कबुतरं. त्याचं असं आहे, की संगणकांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम जगभरचे इंजिनिअर लोक लिहून काढतात आणि त्यांना ओळीने क्रमांक देतात. या गंभीर मालिकेत १ एप्रिल १९९० रोजी ११४९ क्रमांकाचा एक मसुदा आला. इंटरनेटचे संदेश कबुतरांच्या पायाला बांधून कसे पाठवावेत, हा त्याचा विषय! संदेश कागदाच्या चिठोऱ्यावर छापावा, कबुतराच्या पायाला गुंडाळावा, वर चिकटपट्टी लावावी, वादळवाऱ्यात काही मजकूर गहाळ होण्याचा संभव लक्षात घ्यावा, वगैरे वगैरे. भाषा अशी, की आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकानेही लाजून मान खाली घालावी.

एवढ्यावर संपलं असतं तर तो एप्रिल फूल झाला असता. पण २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन गावच्या काही संगणकवेड्यांनी खरोखरच कबुतरं आणली, चिठ्या बांधल्या आणि सोडली. नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरं आली. एकेका उत्तराला जवळजवळ तासापासून ते पावणेदोन तासांपर्यंत वेळ लागला.

यात हसण्यासारखं काय, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या बँकेत पासबुक भरायला यावं. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या शाखेची 'लिंक' सव्वादोन तास गेली होती. काउंटरपुढे रांग, रांगेत पेन्शनर, पेन्शनरांच्या हातात छत्र्या! मी कबुतरांची गोष्ट आमच्या हेडकॅशिअरना सांगितली. त्यांनी खिडकीच्या सज्जावर घुमणाऱ्या मंडळींकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "पावणेदोन तास? मग यांनाच का नाही लावून घेत?"

तेव्हापासून मला चटकच लागली. दुसरं रत्न १ एप्रिल १९९८चं. कॉफी करणाऱ्या यंत्राला इंटरनेटवरून हुकूम कसे सोडावेत याचे नियम त्यात दिले आहेत. त्यात एक अशी तरतूद आहे, की कॉफीचा हुकूम चुकून चहाच्या किटलीकडे गेला, तर किटलीने ४१८ नंबरची चूक दाखवून स्वच्छ सांगावं, 'मी चहाची किटली आहे.' मला ही किटली फार आवडली. आयुष्यात निदान एकदा तरी असं ठणकावून सांगता यायला हवं. बँकेत कुणी विमा मागतं, कुणी म्युच्युअल फंडाचा सल्ला मागतं, कुणी विचारतं, "साहेब, शेजारचं पोस्ट किती वाजता उघडतं?" अशा वेळी जिभेवर येतं, की बाई गं, मी चहाची किटली आहे!

तिसरं रत्न आयझॅक असिमॉव्ह या विज्ञानकथा लिहिणाऱ्या थोर लेखकाचं. १९४८ साली, पीएच.डी.चा विद्यार्थी असताना, त्याने एक खोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला, अगदी आकडे, तक्ते आणि संदर्भांसकट. विषय काय, तर 'थायोटिमोलिन' नावाचा एक काल्पनिक पदार्थ. हा पदार्थ इतका उतावीळ, की पाणी ओतण्यापूर्वीच १.१२ सेकंद आधी तो विरघळतो! हेडकॅशिअरना यात काही नवल वाटलं नाही. "आपले गिऱ्हाईक बघा की," ते म्हणाले, "आपण 'नाही' म्हणायच्या आधीच भडकलेले असतात."

असिमॉव्हचा माग काढत काढत मी पुढे गेलो आणि एका रात्री मला जे सापडलं, ते पाहून मी हसलो नाही. ताडकन उठून बसलो. त्याचं नाव होतं 'ताऱ्यांमधील व्यापाराचा सिद्धांत' अशा अर्थाचं, आणि त्याचा मुख्य प्रश्न होता, व्याज कसं मोजायचं!

आता मी बी.कॉम. माणूस. आमचे चिरंजीव अकरावी सायन्सला आहेत. त्यांच्या मते विश्वात तीन प्रकारचे पदार्थ असतात: घन, द्रव आणि कॉमर्स. "बाबा, तुमच्यात काय असतं हो? बेरीज-वजाबाकीच ना?" असं ते मला अधूनमधून प्रेमाने विचारतात. त्यामुळे अंतराळयानाच्या गोष्टीत व्याजाचा हिशेब पाहून मला किती अभिमान वाटला असेल, याची कल्पना करा. इतकी वर्षं रॉकेटमध्ये शास्त्रज्ञ बसले, वैमानिक बसले, कुत्री-माकडंसुद्धा बसली. कारकुनाची आठवण कुणालाच झाली नव्हती.

ती झाली पॉल क्रुगमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला. १९७८च्या जुलैत हा गृहस्थ येल विद्यापीठात पंचविशीतला कनिष्ठ प्राध्यापक होता. कनिष्ठ प्राध्यापकाचं जिणं हे कनिष्ठ कारकुनाच्या जिण्यासारखंच असावं, कारण स्वतःची करमणूक म्हणून त्याने हा लेख लिहिला. लहानपणी असिमॉव्हच्या 'फाउंडेशन' कादंबऱ्या वाचूनच तो अर्थशास्त्राकडे वळला, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. म्हणून लेखातले दोन ग्रह म्हणजे आपली पृथ्वी आणि असिमॉव्हच्या कादंबरीतला ट्रँटर. लेखाला पैसा कुणी पुरवला, तर सिनेटर प्रॉक्समायर यांच्या फेरनिवडणूक समितीने, अशी आभाराची ओळ! हे प्रॉक्समायर म्हणजे सरकारी पैशाने चाललेल्या फालतू संशोधनाला दर महिन्याला जाहीर टोमणा-पुरस्कार देणारे गृहस्थ. लेखात एका ठिकाणी आकृती असायला हवी, तिथे आकृतीच नाही. अक्ष काल्पनिक आहे, तेव्हा आकृतीही काल्पनिकच, असा खुलासा. चिरंजीवांनी भूमितीच्या पेपरात हे करून पाहावं म्हणजे कळेल!

पुढे २००८ साली याच क्रुगमनला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही व्यापारावरच्याच, पण पृथ्वीवरच्या व्यापारावरच्या कामासाठी. आणि २०१० साली त्याचा हा चेष्टेतला लेख एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात रीतसर छापून आला. म्हणजे विनोद छापून येण्यासाठी काय लागतं, हे होतकरू लेखकांनी लक्षात घ्यावं.

आता त्यातला पेच सांगतो. शाळेत आपण सगळेच द.सा.द.शे. घोकलेले आहोत. दरसाल, दरशेकडा. त्यातला शेकडा कुणाचाही शंभराचाच. पण साल? साल कुणाचं? हा प्रश्न आमच्या गणिताच्या मास्तरांनी कधी विचारला नाही आणि आम्हीही कधी विचारला नाही. कारण तेव्हा शाळेतलं घड्याळ एकच होतं आणि तेही बंद.

चिरंजीवांनी मला हा भाग समजावून दिला. आइन्स्टाइनने १९०५ साली सांगून ठेवलं आहे, की वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ घरी बसलेल्याच्या मानाने हळू चालतं. प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने जाणारं यान घ्या. ते दूरच्या ग्रहावर माल नेऊन परत येईपर्यंत पृथ्वीवर दहा वर्षं गेली, तर यानात बसलेल्या व्यापाऱ्याची जेमतेम दोनच वर्षं जातात. त्याला फसवणूक करायची नसते. त्याची दाढी, त्याची भूक, त्याची नाडी सगळी दोनच वर्षांची असते.

हेडकॅशिअर म्हणाले, "थापा आहेत सगळ्या." मग मी त्यांना १९७१ सालची गोष्ट सांगितली. हाफेले आणि कीटिंग या दोघांनी चार अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांत घालून पृथ्वीभोवती फिरवून आणली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडून आलेली घड्याळं घरच्या घड्याळापेक्षा सेकंदाच्या ५९ अब्जांश भागाने मागे पडली, पश्चिमेकडून आलेली २७३ अब्जांशाने पुढे गेली. हिशेब साधारण जुळला. "विमानातून फिरलं तरी एवढासाच फरक?" हेडकॅशिअर म्हणाले. "आपल्या लोकलने जास्त पडतो."

असो. तर समजा, त्या व्यापाऱ्याने निघताना आमच्या बँकेतून एक लाख रुपये घेतले. दर ७ टक्के, आकारणी तिमाही चक्रवाढ. (व्यापाऱ्याला ७ टक्क्यांनी कर्ज आमच्याकडे मिळत नाही, पण ग्रह काल्पनिक असला, की दरही काल्पनिक चालतो.) तो परत आल्यावर आमच्या घड्याळाप्रमाणे त्याच्याकडून येणं निघतं २,००,१६० रुपये. तो म्हणतो, "दोनच वर्षं तर झाली!" आणि हातावर ठेवतो १,१४,८८८. फरक ८५,२७२ रुपयांचा. दोघांचंही घड्याळ बरोबर आणि दोघांचंही गणित बरोबर. आता मॅनेजरने काय करावं?

क्रुगमनचा पहिला सिद्धांत सांगतो, की व्याज ग्रहावरच्या घड्याळाप्रमाणे मोजावं, यानातल्या घड्याळाप्रमाणे नव्हे. कारण साधं आहे. तोच पैसा कुठेही न जाता घरी ठेवला असता, तर तो घरच्याच घड्याळाने वाढला असता. जाणाऱ्याचा वेळ कसा गेला, हा जाणाऱ्याचा खाजगी मामला. वाट पाहणाऱ्याची वर्षं हीच खरी वर्षं.

मी हे वाचलं, मनापासून हसलो, मोबाईल उशाशी ठेवला आणि झोपलो. गोष्ट इथेच संपायची, पण दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर आजी आल्या.

आजींचं नाव सांगत नाही. गिऱ्हाइकाचं नाव बाहेर सांगू नये, हा बँकेचा नियम आहे. शाखेत सगळे त्यांना 'तीन नंबरच्या आजी' म्हणतात, कारण त्या तीन नंबरच्या, म्हणजे माझ्याच काउंटरवर येतात. दुसरा काउंटर रिकामा असला तरी माझ्याच रांगेत उभ्या राहतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा मीच विचारतो, "काय आजी, आहात ना?" आणि त्या म्हणतात, "सही करते, मग तुम्हीच ठरवा."

त्या दिवशी त्यांची मुदत ठेवीची पावती भरली होती. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "किती मुदतीची करू?"

"दोन वर्षं," आजी म्हणाल्या. "तो म्हणालाय, दोन वर्षांत कायमचा येतो. आला, की वरची खोली बांधायला काढीन."

तो म्हणजे त्यांचा मुलगा. अमेरिकेत असतो. मी म्हटलं, "आजी, आपोआप नूतनीकरणाची सोय आहे. इथे खूण केलीत, की तुम्हाला दर वेळी जिने चढायला नको."

"नको हो, आपोआप नको," त्या गडबडीने म्हणाल्या. "दर वेळी मीच लिहीन. न जाणो, मधेच आला तर?"

मी जुनी नोंद उघडली. दोन वर्षांची ठेव होती. एकदा नूतनीकरण. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दोन पंचे दहा. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. मुलाची दोन वर्षं, आजींची दहा. आदल्या रात्रीचं गणित दशांशासकट माझ्यापुढे चष्मा पुसत उभं होतं. आजींचा मुलगा प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने प्रवास करत होता आणि त्या बिचाऱ्याला याची कल्पनाही नव्हती. त्याला मनापासून वाटत असणार, की आपण आत्ताच तर आलो. व्हिसा, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, बर्फ, पुन्हा व्हिसा. यानात बसलेल्या माणसाचं घड्याळ हळू चालतं, पण ते त्याला कधीच जाणवत नाही, असं चिरंजीवांनी मला बजावून सांगितलं होतं.

"काय झालं? लिंक गेली का?" आजींनी विचारलं.

"नाही, आजी. आहे."

पावती छापून दिली. त्यांनी ती पिशवीत, पिशवीतल्या डब्यात, डब्यातल्या पाकिटात ठेवली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

संध्याकाळी घरी आलो. दुसऱ्याच्या खात्यात तूट दिसली, की आपलंही खातं उघडून पाहावंसं वाटतं, ही आमच्या धंद्यातली सवय. मी गावी आईला फोन लावला. आई राजापूरला एकटी असते. एकटी म्हणजे एक गाय, दोन मांजरं आणि आवाठातल्या सगळ्या भानगडी एवढ्यांसकट एकटी.

"कधी येतोस?" तिने विचारलं. हा प्रश्न ती 'हॅलो' या अर्थी वापरते.

"अगं येतो. आणि आत्ताच तर येऊन गेलो!"

"आत्ता?" आई म्हणाली. "गेल्याच्या गेल्या गणपतीत आला होतास. ह्या वर्षी पोराचा क्लास होता. तुझं आत्ता रे ते. माझे चौदा महिने झाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. नुसती नोंद होती, पासबुकात असते तशी. मी नेहमीच्या सबबी शोधू लागलो. क्लोजिंग होतं, ऑडिट होतं, रिझर्व्हेशन मिळत नाही. आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, की मी एक लाख हातात घेऊन १,१४,८८८वर हुज्जत घालणारा तो व्यापारी आहे. डोंबिवली ते राजापूर हे अंतर प्रकाशाला मिलिसेकंदाचं. मी मात्र ते चौदा महिन्यांत कापू शकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात 'थकीत व्याज' असं लिहिणार होतो, पण बँकेच्या फायलीत ते शब्द बरे दिसत नाहीत. म्हणून 'घरगुती काम' असं लिहिलं. हिला सुट्टी नव्हती, चिरंजीवांची टेस्ट सिरीज होती. मी एकटाच रात्रीच्या गाडीत बसलो. गाडी अडीच तास उशिरा पोचली, पण त्याबद्दल आइन्स्टाइनला दोष देता येणार नाही.

आई पडवीतच उभी होती. किती वेळ उभी होती, हे मी विचारलं नाही. ते घड्याळ तिचं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझ्या पाठीमागे बेड्याकडे पाहिलं, मग रस्त्यापर्यंत नजर टाकून पाहिली.

"एकटाच आलास होय?" ती म्हणाली. "मुद्दल आलं. व्याज कुठाय?"

दुधापेक्षा साय आणि मुद्दलापेक्षा व्याज, हे आजीचं गणित मला नवं नव्हतं. पण इतकी वर्षं व्याजाची आकारणी करून पोट भरणाऱ्या माणसाला त्या क्षणी एक आकडा सुचला नाही. मी बॅग खाली ठेवली आणि चिरंजीवांना फोन लावला. म्हटलं, टेस्ट झाली, की दोन दिवस येऊन जा. आजी विचारतेय.

"येतो ना बाबा," पलीकडून आवाज आला. "दिवाळीत नक्की. आणि आत्ताच तर जाऊन आलो होतो आपण!"

मी काही बोललो नाही. मनातल्या मनात त्याचा वेग काढला आणि फोन आईच्या हातात दिला.